जुन्या मोटारीचे गिअरतेल : बदलावे की राहू द्यावे?

ज्या घरांत पूर्वी सायकल हे एकमेव वाहन असे, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या दारात आता मोटार उभी राहू लागली आहे. बहुधा ती कोरी नसते. कोणीतरी सात-आठ वर्षे वापरून विकलेली, लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी आपण घेतो. कागद नावावर होतात, विमा उतरतो, टायर पाहिले जातात, इंजिनाचे ऑइल बदलले जाते. मग एक प्रश्न उरतो. गिअरबॉक्समधील तेल आजवर कधी बदलले होते, याचा कागद कोठेच सापडत नाही. आता ते बदलावे काय?

एका गॅरेजात विचारावे तर मिस्त्री सांगतात, "मास्तर, चालती गाडी आहे, हात लावू नका. जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा." दुसऱ्या गॅरेजात विचारावे तर उत्तर मिळते, "आजच्या आज बदलून टाका, नाहीतर बॉक्स बसेल." दोघेही वर्षानुवर्षे हेच काम करणारे, दोघेही प्रामाणिक. मध्ये सापडतो तो कुटुंबप्रमुख. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करावयाचा म्हणजे जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग खर्ची पडतो. मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम अशा वेळी गॅरेजात जाते. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, तो घरच्या हिशेबाचाही आहे.

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, तथापि ते नशिबावर सोपवण्याजोगेही नाही. गाडीचे वय पाहून हा निर्णय करू नये, गिअरबॉक्सची प्रकृती पाहून करावा, हे या लेखाचे सांगणे आहे. ते कसे, हे आपण पायरीपायरीने पाहू.

१. गिअरबॉक्सची जात ओळखा

सर्व गाड्यांना एकच नियम लावणे ही पहिली चूक होय. आपल्याकडील रस्त्यांवर मुख्यतः पाच प्रकारचे गिअरबॉक्स आढळतात.

पहिला, हाताने गिअर टाकण्याचा साधा गिअरबॉक्स. यात दातेरी चक्रे तेलात बुडून फिरतात. क्लच प्लेट मात्र तेलाच्या बाहेर, कोरडी असते. तेव्हा तेल बदलल्याने क्लच घसरू लागेल ही भीती येथे लागूच पडत नाही.

दुसरा, एएमटी. मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओ या गाडीतून हा प्रकार आपल्याकडील मध्यम वर्गाच्या आवाक्यात आणला. यात पायाखाली क्लच नसतो, म्हणून लोक त्याला ऑटोमॅटिक म्हणतात. पण आतला गिअरबॉक्स पहिल्या प्रकारचाच असतो. क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी एक यंत्रणा करते. त्या यंत्रणेतील तेल निराळे आणि गिअरबॉक्सचे तेल निराळे, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा, टॉर्क कन्व्हर्टर असलेला खरा ऑटोमॅटिक. यातील क्लच तेलात बुडालेले असतात. आपला प्रश्न मुख्यतः याच्याविषयीचा आहे.

चौथा, सीव्हीटी. यात चक्रांच्या जोड्या नसतात. दोन पुलींवरून पोलादी पट्टा फिरतो आणि पुली रुंद-अरुंद झाल्या की वेगाचे प्रमाण बदलते. पट्टा व पुली यांची पकड तेलाच्या गुणावर अवलंबून असल्याने याला स्वतःचेच खास तेल लागते.

पाचवा, दोन क्लचांचा डीसीटी. यात कोरड्या क्लचाचा आणि तेलातल्या क्लचाचा असे दोन पोटभेद आहेत. तेलातल्या क्लचाच्या बॉक्सला ठरावीक अंतराने तेल बदलणे आवश्यकच असते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरांच्या अशा बॉक्ससाठी कंपनीने ६०,००० किलोमीटरांची मर्यादा घालून दिली आहे.

आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक पुष्कळ घरांत गाडीच्या पुढच्या खणात न उघडता पडून असते. प्रथम ते उघडावे.

२. हे तेल करते तरी काय?

इंजिनाचे ऑइल वंगणाचे काम करते, तसेच गिअरबॉक्सचेही करत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. साध्या गिअरबॉक्सपुरता तो ठीक आहे. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र एकाच तेलाला पाच कामे करावी लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती ते चाकांकडे पोचवते. पंपाच्या दाबाने क्लच आवळण्याचे काम तेच करते. चक्रांना व बेअरिंगांना वंगण देते. आतली उष्णता बाहेर वाहून नेते. आणि पाचवे काम सर्वांत नाजूक आहे : क्लचाच्या प्लेटा एकमेकींना कितपत धरतील, किती अलगद धरतील, हे या तेलातील द्रव्यांवर ठरते. वंगण म्हणजे घसरवणारे आणि क्लच म्हणजे पकडणारा. ही दोन परस्परविरोधी कामे एकाच तेलाकडून करून घ्यावयाची, यात सारी मेख आहे.

याचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. मोठ्या संख्येने तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ साली बाजारात आणला. हायड्रामॅटिक हे त्याचे नाव. अशा बॉक्ससाठी स्वतंत्र तेलाचे प्रमाण याच कंपनीने १९४९ मध्ये ठरवले, आणि १९६७ मध्ये डेक्स्ट्रॉन हे नाव आले, जे आजही डब्यांवर दिसते. क्लचाची पकड अलगद व्हावी म्हणून त्या काळच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत असत. १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेने देवमाशांच्या तेलावर बंदी घातली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या जागी दुसरी द्रव्ये शोधावी लागली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या तेलाचा गुण केवळ तेलात नसून त्यात मिसळलेल्या द्रव्यांत असतो. डब्यातील तेल कोठे नाहीसे होत नाही, पण ती द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात.

३. तेल बिघडते कशाने?

तेलाचा पहिला शत्रू उष्णता. तेल तापले की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन ते दाट होते व त्यातून चिकट गाळ तयार होतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की हा बिघाड सुमारे दुप्पट वेगाने होतो, असा एक स्थूल नियम आहे. शाळेतील मुलेही हे गणित करू शकतील. तेल ९० अंशांवर असताना बिघाडाचा वेग एक मानला, तर १०० अंशांवर तो दोन, ११० वर चार आणि १२० वर आठ होईल.

आता आपल्या भागाकडे पाहा. बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाट लागतो, सावंतवाडीकडे उतरताना आंबोली घाट लागतो. गाडी माणसांनी व सामानाने भरलेली, पुढे मालट्रक, वेग कमी आणि चढ जास्त. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाते, शक्तीचा काही भाग उष्णतेत जातो आणि गाडीचा वेग कमी असल्याने ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. शहरातील सिग्नलावर थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीचे हालही थोडेबहुत असेच. म्हणून हमरस्त्यावर सरळ धावून झालेले लाख किलोमीटर आणि घाटात व बाजारपेठेत झालेले लाख किलोमीटर हे तेलाच्या दृष्टीने समान नव्हेत. मीटरचा आकडा एकच दिसला, तरी अर्थ दोन होतात.

दुसरा शत्रू झीज. क्लचांवरील कागदासारखे अस्तर कणाकणाने झिजते, धातूचे बारीक कण सुटतात आणि हे सारे तेलात फिरत राहते. गाळणी व तळातील चुंबक त्यांपैकी पुष्कळ धरतात, सगळे नाही.

४. "आयुष्यभराचे तेल" म्हणजे कोणाचे आयुष्य?

काही कंपन्यांच्या पुस्तकात लिहिलेले असते की, हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरले आहे, बदलण्याची गरज नाही. हे वाचून मालक निर्धास्त होतो. परंतु "गाडीचे आयुष्य" म्हणजे किती, हे तेथे क्वचितच सांगितलेले असते. जर्मनीतील झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी नामांकित कंपनी. तिचे बॉक्स ज्या मोटारींत बसतात, त्यांपैकी काहींचे उत्पादक तेलाला आयुष्यभराचे म्हणतात. पण स्वतः झेडएफचा सल्ला असा आहे की, वापर पाहून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, आणि फार तर आठ वर्षांनी, तेल बदलावे. ज्याने यंत्र घडवले तोच हे सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे वजनदार मानले पाहिजे.

पहिल्या मालकाने पाच-सात वर्षांत गाडी विकली, तर त्याच्यापुरते ते तेल खरोखरच आयुष्यभर पुरले. प्रश्न दुसऱ्या व तिसऱ्या मालकाचा, म्हणजे आपल्यासारख्यांचा आहे.

५. मग ही भीती आली कोठून?

"तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला" असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. त्यांनी तसे पाहिलेले असते. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे ठरत नाही. आपल्या जुन्या पंडितांनी याला काकतालीय न्याय असे नावच देऊन ठेवले आहे.

मालक गिअरबॉक्सच्या तेलाची आठवण केव्हा करतो? बहुधा गाडी झटके मारू लागल्यावर, गिअर स्लिप होऊ लागल्यावर. म्हणजे रोग जडल्यानंतर. क्लचाचे अस्तर संपत आलेले असते. तेल बदलले जाते, झिजलेले अस्तर काही त्याने परत उगवत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत बॉक्स बसतो. लोक म्हणतात, तेल बदलल्याने गेला.

खरा न्याय करावयाचा तर चार रकाने मांडले पाहिजेत : तेल बदलले आणि बॉक्स गेला, तेल बदलले आणि बॉक्स टिकला, तेल बदलले नाही आणि बॉक्स गेला, तेल बदलले नाही आणि बॉक्स टिकला. गॅरेजच्या बाकावर चर्चा होते ती फक्त पहिल्या रकान्याची. तेल वेळेवर बदलून सुखाने धावणाऱ्या गाडीची गोष्ट कोणी सांगत नाही. आणि तेल न बदलता बॉक्स गेला, तर लोक "गाडी जुनीच होती" म्हणून गप्प बसतात, तेलाचे नावही निघत नाही. एका रकान्यावरून निकाल देणे म्हणजे नापास झालेल्या मुलांनाच बोलावून शाळेचा निकाल ठरवण्यासारखे आहे.

तथापि या भीतीत तथ्याचा अंश मुळीच नाही, असेही म्हणता येणार नाही. चार प्रकारांनी तेल बदलणे खरोखर अपायकारक ठरू शकते. एक, यंत्राने जोराचा दाब देऊन आतून धुऊन काढणे. याने वर्षानुवर्षे बसलेला गाळ सुटून झडपांच्या बारीक मार्गांत अडकू शकतो. दोन, चुकीच्या प्रतीचे तेल. तीन, चुकीची पातळी. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि जास्त झाले तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो. दोन्ही प्रकारांत दाब पडतो व क्लच घसरतो. चार, अगदी शेवटच्या अवस्थेतील क्लच. काही मिस्त्री म्हणतात की, जुन्या तेलातील झिजेच्या कणांमुळेच तो कसाबसा धरत होता. ते मान्य केले, तरी त्याचा अर्थ इतकाच होतो की क्लच आधीच संपला होता. पहिल्या तीन प्रकारांत दोष कामाच्या पद्धतीचा आहे आणि चौथ्यात झिजेचा आहे.

६. परीक्षा कशी घ्यावी?

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. गिअरबॉक्सचीही आधी परीक्षा घ्यावी. ती दोन भागांत होते.

पहिला भाग, गाडी चालवून पाहणे. सकाळी गाडी थंड असताना सुरू करावी, ब्रेक दाबून गिअर पुढे व मागे टाकावा. गिअर टाकल्यावर गाडी लगेच धरते की दोन-तीन सेकंद विचार करते, हे पाहावे. मग रस्त्यावर न्यावी. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज एकदम चढतो पण वेग वाढत नाही, असे होते काय? होत असेल तर क्लच घसरतो आहे. मध्यम वेगाने, पाय हलका ठेवून जाताना रस्त्यावरील गतिरोधक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते काय? येत असेल तर ती नोंदवून ठेवावी, कारण तिचा अर्थ निराळा आहे. आणि तेल तापल्यावर, घाट चढून आल्यावर, हेच पुन्हा पाहावे.

दुसरा भाग, तेल पाहणे. डिपस्टिक असेल तर तिच्यावरचे चार थेंब पांढऱ्या टिपकागदावर घ्यावेत. पुष्कळ नव्या गाड्यांना ती नसते. तेथे मिस्त्रीकडून बोल्ट उघडून थोडे तेल काढून घ्यावे. ऑटोमॅटिकचे तेल सहसा लाल रंगवलेले असते, ते गळती चटकन ओळखता यावी म्हणून. हा रंग वापराने फिका व तपकिरी होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सीव्हीटीचे तेल तर मुळातच निराळ्या रंगाचे असू शकते. म्हणून रंगापेक्षा वासावर विश्वास ठेवावा. तेल काळे आणि जळका, करपलेला वास येणारे असेल, तर क्लचाचे अस्तर जळाले आहे. बोटांत चोळून खर लागली तर तेही वाईट लक्षण. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधील पाणी त्यात शिरले आहे असे समजावे. मग गाडी चालवणे थांबवावे, कारण पाण्याने अस्तर फुगून सुटते.

तळातील चेंबर उघडला तर चुंबकही पाहावा. त्यावर करड्या लोण्यासारखा बारीक लेप असणे ही वयाप्रमाणे होणारी झीज आहे. धातूचे तुकडे किंवा किसासारखे टोकदार कण दिसले, तर आत काही तुटत आहे.

७. निर्णय

आता निर्णय सोपा होतो.

गाडीला साधा गिअरबॉक्स किंवा एएमटी असेल, तर मीटरचा आकडा कितीही असो, मुदत उलटली असता गिअरतेल निःशंकपणे बदलावे. पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. जीएल-४ सांगितले असेल तर "जास्त भारी" म्हणून जीएल-५ घालू नये, कारण त्यातील तीव्र द्रव्यांनी गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्यांना इजा पोचू शकते.

ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी असून गाडी नीट गिअर धरते, झटका नाही, तेलाला जळका वास नाही, पण तेल कधी बदलले ते कळत नाही, तर बदलावे. गाडी दीड लाख धावली असली तरी बदलावे. बॉक्स निरोगी आहे तोवरच नव्या तेलाचा उपयोग होतो. "चालते आहे ना, मग राहू दे" हे धोरण येथे महाग पडते.

गाडी धरते नीट, पण मध्यम वेगावर थरथरते, असे असेल तरीही बदलावे. ही थरथर पुष्कळदा टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचाची असते आणि तेलातील द्रव्ये क्षीण झाल्याने येते. जनरल मोटर्सच्या आठ गिअरांच्या बॉक्समध्ये अशीच थरथर येऊ लागली, तेव्हा २०१९ साली त्या कंपनीने उपाय म्हणून जुने तेल काढून नव्या प्रतीचे तेल भरण्याच्या सूचना दिल्या. सर्वच थरथर तेलाने जाते असे नाही, पण बॉक्स उघडण्याआधी हा स्वस्त उपाय करून पाहणे शहाणपणाचे होय.

तेल जळके आहे आणि गिअर उघडपणे घसरतो आहे, अशा गाडीत मात्र तेल बदलून ती बरी होईल अशी आशा ठेवू नये. तेथे प्रश्न तेलाचा राहिलेला नसतो. बॉक्स दुरुस्त करावयाचा, जुना पण चांगला बसवायचा, की गाडी आहे त्या स्थितीत, दोष सांगून विकावयाची, हा हिशेब करावा. तेल बदलून चार दिवस बरी चालवून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा व्यवहार नव्हे, फसवणूक आहे.

तेलात पाणी आढळले, तर आधी पाणी शिरण्याचे कारण दूर करावे, मग तेल पूर्णपणे बदलावे, आणि यात दिरंगाई करू नये.

८. बदलावयाचे तर कसे?

खालचा बोल्ट काढून जेवढे तेल आपोआप येईल तेवढे काढावे व तेवढेच नवे भरावे, ही पद्धत जुन्या गाडीला सर्वांत सौम्य. दाबाने धुण्याचा आग्रह धरू नये. गाळणी बदलण्याजोगी असेल तर चेंबर उघडून तीही बदलावी.

पण येथे एक गणित आहे. टॉर्क कन्व्हर्टर व नळ्यांतील तेल बोल्टातून बाहेर येत नाही. समजा, एका बॉक्समध्ये एकूण ८ लिटर तेल मावते आणि एका वेळी ३ लिटर निघते. पहिल्या खेपेनंतर आत ५ लिटर जुने, म्हणजे ६२.५ टक्के जुने राहिले. नवे-जुने मिसळल्यावर दुसऱ्यांदा ३ लिटर काढले, तर त्याचे पाच-अष्टमांश, म्हणजे सुमारे ३९ टक्के जुने उरले. तिसऱ्या खेपेस सुमारे २४ टक्के. तीन खेपांत ९ लिटर तेल लागले आणि तीन-चतुर्थांशाहून थोडे अधिक तेल नवे झाले. दोन खेपांच्या मध्ये गाडी काही शे किलोमीटर चालवावी, म्हणजे मिश्रण नीट होते आणि गाळही एकदम न सुटता थोडा थोडा सुटतो. ज्यांना एकदम बदलण्याची धास्ती वाटते, त्यांनी हा मार्ग धरावा. एका खेपेवर "सगळे तेल बदलले" असे बिल कोणी देत असेल, तर हे गणित त्याच्यापुढे मांडावे.

तीन गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. डब्यावरील प्रत पुस्तकातील प्रतीशी अक्षरशः जुळते काय? "सर्व गाड्यांना चालते" असे लिहिलेले तेल सीव्हीटीत तर मुळीच घालू देऊ नये. किती तेल निघाले ते मापून लिहून घेतले काय? निघालेले माप आणि भरलेले माप यांचा मेळ बसला पाहिजे. आणि पातळी सांगितलेल्या तापमानावर तपासली काय? तापल्यावर तेल प्रसरण पावते, म्हणून थंड तेलावर घेतलेली पातळी व गरम तेलावर घेतलेली पातळी यांत फरक पडतो. कंपनी जे तापमान सांगते, तेथेच ती पाहावयाची असते.

९. संस्थेच्या वाहनांविषयी

हा विचार घरच्या गाडीपुरता ठेवू नये. धर्मादाय संस्थांच्या रुग्णवाहिका असतात, शाळांच्या गाड्या असतात. त्या देणगीच्या पैशातून आलेल्या असतात. चालक बदलतात, कार्यकारिणी बदलते आणि गाडीचा पूर्वेतिहास कोणाच्याच ध्यानात राहत नाही. मग एके रात्री रुग्णाला नेताना गाडी घाटात उभी राहते आणि त्या रात्रीचे मोल कोणत्याही बिलात मांडता येत नाही.

यावर उपाय फार स्वस्त आहे. एक शंभर पानी वही घ्यावी. तारीख, मीटरचा आकडा, कोणते तेल, किती निघाले, किती भरले, तेल कसे दिसले, काम कोणी केले, एवढे सात रकाने आखावेत आणि वही गाडीतच ठेवावी. घरच्या गाडीसाठीही अशीच वही असावी. या लेखाच्या आरंभी जो प्रश्न आपल्यापुढे उभा राहिला, तो मुळात मागील मालकाने दोन ओळी लिहून न ठेवल्यामुळे उभा राहिला. आपण लिहून ठेवले, तर आपल्यानंतर ती गाडी घेणाऱ्या कुटुंबाला दोन मिस्त्रींच्या मध्ये अडकून पडावे लागणार नाही.

घरी मुलांकडून सोडवून घेण्यासाठी एक उदाहरण देऊन लेख पुरा करतो. एका गिअरबॉक्समध्ये ६ लिटर तेल मावते आणि प्रत्येक खेपेस ३ लिटर निघते. जुने तेल १५ टक्क्यांपेक्षा कमी राहावे, तर किती खेपा कराव्या लागतील आणि किती लिटर नवे तेल लागेल? उत्तर आले की ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि त्याखाली आपल्या गाडीच्या मीटरचा आजचा आकडा मांडावा.